देह विसरण्याचा उपदेश

गेल्या काही वर्षांत रंगमंचावरील कलावंतांनी, विशेषतः नाचणाऱ्या-गाणाऱ्या स्त्रियांनी, आपल्या प्रकृतिस्वास्थ्याविषयी, आपल्या वर्णाविषयी व अंगलटीविषयी, आणि आपल्या जातीजमातीचे चित्र रंगमंचावर कोणी व कसे रेखाटावे याविषयी मोकळेपणाने बोलण्यास आरंभ केला आहे. आणि त्याबरोबरच, या बोलण्याला कलेचा अधःपात मानणारा एक आक्षेपही परिसंवादांतून आणि सत्कारसभांतून ऐकू येऊ लागला आहे. आक्षेप घेणारी मंडळी कलेची वैरी असती तर त्यांना उत्तर देण्याचे प्रयोजन नव्हते. ती रसिक आहेत, कलावंतांविषयी त्यांच्या मनात आदर आहे, आणि आपण कलेच्याच बाजूने बोलत आहोत अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. म्हणूनच त्यांचे म्हणणे प्रथम त्यांच्याच बळाने मांडून मग त्याचा परामर्श घेणे मला उचित वाटते.

त्यांचे म्हणणे तीन अंगांचे आहे. पहिले असे की, थोर कलावंत तोच जो रंगमंचावर पाऊल टाकताच देह विसरतो. दुखणे, थकवा, शोक यांना विंगेत ठेवून येणे हीच कलानिष्ठा, आणि विश्रांतीची व उपचारांची भाषा करणारा कलावंत ही निष्ठा गमावून बसतो. दुसरे असे की, रंगभूमी ही रूपाची आणि मायेची सृष्टी असल्यामुळे तेथे रूपाची अपेक्षा स्वाभाविक आहे; मी आहे तशी मला पाहा असे म्हणणाऱ्या कलावंताने साधनेलाच रजा दिली असे समजावे. तिसरे असे की, अभिनय म्हणजे परकायाप्रवेश. तेव्हा अमुक जमातीची भूमिका अमुकानेच करावी, किंवा निदान त्या जमातीला त्यात हक्काची जागा असावी, ही मागणी अभिनयाच्या मुळावरच घाव घालते.

मी स्वतः लावणी सादर करणारी कलावंत आहे. परंतु तमाशाच्या घराण्यात मी जन्मले नाही. ज्या स्त्रियांनी ही कला पिढ्यान्‌पिढ्या वागवली त्यांच्यापुढे बसून मी ती शिकले, आणि शहरांतील नाट्यगृहांत, दिव्यांच्या व ध्वनियंत्रणेच्या बंदोबस्तात, ती सादर करते. घुंगरांचे वजन, फळ्यांवर आपटलेली टाच आणि प्रयोगानंतर जिना उतरताना कुरकुरणारा गुडघा यांचा मला परिचय आहे, म्हणून वरील उपदेशाचा एक अंश मलाही उद्देशून आहे. पण त्याची खरी किंमत ज्यांनी मोजली त्या स्त्रिया निराळ्या होत्या, आणि या वादात दाखले द्यावयाचे तर ते त्यांचेच दिले पाहिजेत.

पहिल्या मुद्द्याच्या समर्थनार्थ हटकून सांगितली जाते ती कथा तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांची. नऊ महिने भरलेले असताना विठाबाई बोर्डावर नाचत होत्या; कळा सुरू झाल्या तेव्हा त्या कनातीमागे गेल्या, तेथेच प्रसूत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर येऊन उभ्या राहिल्या, अशी ती कथा आहे. ती सांगताना वक्त्याचा कंठ दाटून येतो, श्रोते टाळ्या वाजवतात, आणि अशी निष्ठा आता कोठे राहिली, असा समारोप होतो. ही कथा मीही अनेकदा ऐकली आहे. परंतु ती सांगणाऱ्यांपैकी एकानेही, नववा महिना भरलेल्या बाईला त्या रात्री बोर्डावर उभे का राहावे लागले, हा प्रश्न विचारल्याचे मला आठवत नाही. कनातीमागे सुईण का नव्हती, सुपारी देणाऱ्या गावाने तिच्या बाळंतपणाची कोणती तजवीज केली होती, दुसऱ्या दिवशी तिला अंथरुणावर पडून राहता आले की सामान गाडीत भरून पुढचा गाव गाठावा लागला, हे प्रश्न त्या कथेच्या अवकाशात मावतच नाहीत. कारण ते उच्चारले की टाळी वाजवणारा हात थबकतो.

या प्रश्नांचे उत्तर तमाशाच्या अर्थव्यवहारात आहे. दसऱ्याला फड बाहेर पडतो आणि वैशाखापर्यंत गावोगावच्या जत्रा-यात्रांतून फिरतो. पावसाळ्याचे महिने हाताला काम नसते. चैत्राच्या सुमारास नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात, गावकरी तेथे येऊन सुपारी ठरवतात, आणि त्या सुपाऱ्यांवर नर्तकी, सोंगाडे, ढोलकीवाले, झीलकरी, स्वयंपाकी, गाडीवान अशा साऱ्या बिऱ्हाडाची पोटे अवलंबून असतात. कलावंताने हंगामाआधी उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत तिला फड सोडता येत नाही, आणि घरातल्या आजारपणाने वा लग्नकार्याने ती बहुधा हंगामाअखेर पुन्हा वाढलेलीच असते. ज्या फडाची सारी सुपारी एका स्त्रीच्या नावावर येते, त्या स्त्रीने एक रात्र विश्रांती घ्यावयाची म्हणजे साऱ्या बिऱ्हाडाने त्या रात्रीचा रोजमुरा गमवावयाचा. अशा स्थितीत विठाबाई उभ्या राहिल्या. त्यांच्या ठायी कलेची निष्ठा अपार होती यात संशय नाही, आणि ती निष्ठा कमी लेखण्याचा माझा मुळीच उद्देश नाही. परंतु त्या रात्री त्यांना बोर्डावर खेचून आणणारी गोष्ट निष्ठेइतकीच निरुपायाचीही होती, आणि निरुपायाला निष्ठेचे नाव दिले की तो निरुपाय निर्माण करणारा समाज आपल्या जबाबदारीतून अलगद सुटतो.

आक्षेपक येथे बालगंधर्वांचे उदाहरण पुढे करतील. १२ मार्च १९११ रोजी ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग होता, त्याच सुमारास बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली होती, आणि तरीही ते नायिका भामिनी म्हणून रंगमंचावर आले. हा प्रसंग मराठी रंगभूमीच्या इतिहासात गौरवाने नोंदला गेला आहे आणि त्या गौरवाला ते पात्रही होते. पण दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. एकीकडे किर्लोस्कर नाटक मंडळीसारखी प्रतिष्ठित संस्था होती, सुशिक्षित प्रेक्षकवर्ग होता, शोकाची वार्ता जाणणारे आणि तिचा मान राखणारे सहकारी होते. त्या दिवशी प्रयोग करावा की न करावा हा निदान एक प्रश्न तरी होता. दुसरीकडे कनातीबाहेर शिट्ट्या वाजवणारा जमाव होता आणि प्रश्न विचारण्यास कोणालाच सवड नव्हती. ज्याला नाही म्हणण्याची मुभा असते त्याच्याच होकाराला त्याग म्हणता येते. ही मुभा कलावंताला मिळवून देणे हेच स्वास्थ्याच्या मागणीचे खरे स्वरूप आहे. ती मिळाल्यावर कलावंताने शोक गिळून उभे राहावे की घरी राहावे हा निर्णय सर्वस्वी त्याचा.

विठाबाईंच्या चरित्राचा उत्तरार्ध तर या उपदेशाला कायमचे निरुत्तर करणारा आहे. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवल्या गेलेल्या या स्त्रीचे अखेरचे दिवस विपन्नावस्थेत गेले; जानेवारी २००२ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा रुग्णालयाचा खर्च देणग्यांतून भागवावा लागला. पुढे २००६ पासून महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाने तमाशा क्षेत्रातील ज्येष्ठांना जीवनगौरव पुरस्कार देण्यास आरंभ केला. हा पुरस्कार योग्यच आहे. तो मिळालेल्या कलावंतांचा मान मला मोलाचा वाटतो. परंतु जिवंत विठाबाईंच्या औषधपाण्यासाठी ज्या समाजाच्या दप्तरी कोणतीही कायम तरतूद नव्हती, त्याच समाजाने त्यांच्या बाळंतपणाची कथा मात्र जतन करून ठेवली, ही विसंगती माझ्या आक्षेपक मित्रांनी एकदा शांतपणे न्याहाळावी. देह विसरण्याचा उपदेश नेहमी दुसऱ्याच्या देहाला केला जातो. आणि ज्याने तो देह विसरला असे आपण मानतो, त्याला आपणच विसरलेलो असतो.

आता दुसरा मुद्दा, रूपाचा आणि स्वीकाराचा. रंगभूमी ही मायेची सृष्टी आहे हे मला मान्य आहे. परंतु त्या मायेसाठी कलावंताच्या शरीराकडून काय वसूल केले गेले याचा हिशेब कधीतरी मांडला पाहिजे. सफेदा, पिवडी, हिंगूळ, मुरदाडशिंग ही जुन्या रंगपेटीतील द्रव्ये. हिंगूळ हे पाऱ्याचे खनिज, आणि मुरदाडशिंग हे शिशापासून होणारे. उन्हात राबून सावळ्या झालेल्या आणि मुळातही सावळ्याच असलेल्या चेहऱ्यांना रात्रीच्या प्रकाशात गोरे दाखवण्यासाठी कलावंतांच्या पिढ्यांनी ही विषे त्वचेवर चोळली. आज द्रव्ये बदलली आहेत, दृष्टी बदललेली नाही. नाट्यगृहाच्या रंगपटात सावळ्या मुलीच्या मानेपर्यंत आणि मनगटांपर्यंत फिका लेप चढवला जातो, आणि हे लावणीसाठी आवश्यकच आहे असे तिला सांगितले जाते. कंबर किती असावी आणि वय कोठे थांबावे याचेही फर्मान तिला प्रयोगाच्या ठेकेदाराकडून मिळते. स्वतःच्या वर्णाची लाज बाळगून ती शृंगाराचा अभिनय करते. जी स्वतःच्या देहात पाहुणी म्हणून राहते तिच्या शृंगारात हक्काचा ठसका यावा कोठून?

लावणीचे शास्त्र तर या मापदंडाच्या अगदी विरुद्ध साक्ष देते. बैठकीच्या लावणीत गायिका बसून गाते. एकाच ओळीचा अर्थ नजरेने, भुवईने, बोटांच्या हालचालीने, खांद्याच्या किंचित वळणाने पुनःपुन्हा उलगडते, आणि प्रत्येक उलगड्यात नवा भाव दाखवते. यालाच अदाकारी म्हणतात. वाईच्या यमुनाबाई वाईकर या कलेच्या अधिकारी कलावंत होत्या. १९१५ साली जन्मलेल्या, कोल्हाटी समाजात वाढलेल्या यमुनाबाईंना १९९५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २०१२ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली, शंभरी ओलांडल्यावर, त्या गेल्या. त्यांचा उत्तरवयातील अभिनय ज्यांनी पाहिला त्यांना सुरकुतलेल्या चेहऱ्यावर नवयौवनेचा रुसवा कसा उमटतो हे वेगळे सांगावयास नको. त्यांना तारुण्याचे सोंग करावे लागले नाही; वयाने जे दिले होते त्याच्याच आधारे त्यांनी तारुण्याचा अर्थ सांगितला. ज्या ठेकेदारी मापदंडाने आज लावणीची मुलगी पारखली जाते, त्या मापदंडाने यमुनाबाईंना नाट्यगृहाच्या दारातूनच परत पाठवले असते.

स्वीकारामुळे साधना संपते, हे म्हणणेही अनुभवाला धरून नाही. गायिका शिक्षणाच्या आरंभीच आपली पट्टी निश्चित करते. दुसरीची पट्टी उसनी घेऊन गाणारीचा गळा लवकर बसतो, आणि आपल्या पट्टीत बसलेली गायिका जन्मभर रियाज करते. देहाचेही तसेच आहे. आपला गुडघा किती गिरक्या सोसतो, आपला श्वास किती लांबीची ओळ पेलतो, आपल्या अंगकाठीला कोणता ठसका शोभतो हे ज्या नर्तकीने लाज न बाळगता ओळखले, तिचाच रियाज योग्य मार्गाने चालतो. जिने हे ओळखले नाही ती औषधे घेऊन, उपाशी राहून, दुखऱ्या पायावर पट्टी आवळून दुसऱ्या कोणाचे तरी शरीर मिळवण्याचा प्रयत्न करीत राहते आणि ऐन उमेदीत कलेला मुकते. स्वीकार हा साधनेचा आरंभबिंदू आहे. तेथूनच पुढची वाट कष्टाची असते.

तिसरा मुद्दा सर्वांत गंभीर आहे, कारण त्यात सत्याचा मोठा अंश आहे. अभिनय हा परकायाप्रवेश आहे हे खरेच. भरतानेही नाट्यशास्त्रात भूमिकांचा विचार करताना पुरुषाने स्त्रीची व स्त्रीने पुरुषाची भूमिका करण्यास मोकळीक दिली आहे. कांताबाई सातारकरांनी तमाशाच्या बोर्डावर शिवछत्रपतींची भूमिका केली आणि गावोगावच्या प्रेक्षकांनी ती आदराने पाहिली. बालगंधर्वांनी रुक्मिणी आणि सिंधू यांना असे रूप दिले की सुखवस्तू घरांतील स्त्रिया त्यांच्यासारखे लुगडे नेसू लागल्या. हे सीमोल्लंघन रंगभूमीचे वैभव आहे आणि ते बंद करावे असे म्हणणाऱ्यांत मी नाही.

परंतु त्याच नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायात आणखी एक गोष्ट सांगितली आहे, ती आक्षेपकांनी लक्षात घ्यावी. लालित्याने आणि शृंगाराने युक्त अशी कैशिकी वृत्ती केवळ पुरुषांच्या हातून सिद्ध होणे शक्य नाही असे भरताने निवेदन केले, तेव्हा ब्रह्मदेवाने अप्सरा निर्माण केल्या. म्हणजे परकायाप्रवेशाला मुभा देणाऱ्या शास्त्रकारालाही काही कलांसाठी काही माणसे रंगमंचावर प्रत्यक्ष असलीच पाहिजेत हे मान्य होते. आणि त्याच ग्रंथाच्या अखेरीस, ऋषींची थट्टा करणारे प्रयोग केल्यामुळे भरतपुत्रांना शाप मिळाला व ते शूद्रत्वास गेले, अशी कथा येते. नटाची सामाजिक पायरी खाली ढकलण्याचा हा व्यवहार किती जुना आहे याचा याहून स्पष्ट दाखला कोणता? प्रतिनिधित्वाचा प्रश्न हा या दोन कथांच्या मधोमध उभा आहे: कलेसाठी त्या माणसांची गरज तर आहे, मात्र त्यांना मान देण्याची तयारी नाही.

महाराष्ट्रात याचे प्रत्यंतर पावलोपावली मिळते. पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कृष्ण कुलकर्णी, ब्राह्मण असून तमाशात आले आणि हिवरगावच्या पवळाबाईंच्या साथीने त्यांनी तमाशाला अपूर्व लोकप्रियता मिळवून दिली. बापूरावांच्या सीमोल्लंघनावर आजवर पुष्कळ लिहिले गेले. महार समाजातल्या पवळाबाईंनी स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या देहाने बोर्डावर उभे राहण्याचे जे धैर्य दाखवले त्यावर त्या मानाने किती लिहिले गेले? वरून खाली येणाऱ्याचे सीमोल्लंघन औदार्य ठरते, आणि खालून वर पाऊल टाकणारीचे स्वैराचार. अभिनय सर्वांना मुक्त आहे असे म्हणणाऱ्यांनी ही दोन मापे आधी मोडली पाहिजेत.

चित्रपटाने हा अन्याय अधिक दूरवर नेला. १९७२ सालच्या ‘पिंजरा’त तमाशातील स्त्री ही सज्जन शिक्षकाच्या अधःपाताचे निमित्त म्हणून येते, कथा शिक्षकाच्या बाजूने सांगितली जाते आणि प्रेक्षकाची सहानुभूती प्रथम त्याच्याकडे जाते. चित्रपट कलादृष्ट्या देखणा आहे आणि त्यातील अभिनयही समर्थ आहे. पण फडातल्या एखाद्या बाईने ती कथा सांगितली असती तर तिचा आरंभ शिक्षकाच्या नीतिमत्तेपासून झाला असता, की नदीपलीकडच्या गावाने तिची राहुटी उठवण्याच्या हुकमापासून? हा प्रश्न कोणत्या नटीने ती भूमिका करावी याविषयीचा मुळीच नाही. कथेची मुखत्यारी कोणाकडे असावी याविषयीचा तो आहे. तमाशातल्या बायकी हावभाव करणाऱ्या नाच्याच्या भूमिकेचेही तेच. गणपत पाटलांनी ती इतक्या सामर्थ्याने वठवली की रंगमंचावरचे हसू त्यांच्या खाजगी आयुष्यातही शिरले, आणि एका संसारी गृहस्थाला जन्मभर कुचेष्टा सोसावी लागली. ज्या समाजाला नाच्याकडे पाहून केवळ हसण्याचीच सवय लावली गेली होती, त्या समाजाला नट आणि सोंग यांतील भेदही कळेनासा झाला, आणि त्याचे प्रायश्चित्त नटाने भोगले.

१९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक सादर केले आणि ज्योत्स्ना भोळे यांच्यासारख्या स्त्रिया रंगमंचावर आल्या. स्त्रीच्या भूमिका स्त्रीने कराव्यात या विचाराला तोवर कलेच्याच नावाने विरोध होत आला होता. स्त्रिया आल्याने अभिनयकला नष्ट झाली असे आज कोणीही म्हणत नाही. पुरुषाने स्त्रीची भूमिका करणेही संपलेले नाही. एवढेच झाले की, ज्यांच्याविषयी बोलले जात होते त्या स्वतः बोलू लागल्या. १९७० साली हंसा वाडकरांनी ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मकथन प्रसिद्ध केले तेव्हाही नटीने आपल्या देहाची कैफियत इतक्या उघडपणे मांडावी की काय, म्हणून अनेकांना संकोच वाटला असेल. मराठी आत्मचरित्राचा विचार मात्र त्या पुस्तकाला वगळून आता करता येत नाही.

म्हणून माझी मागणी उपदेशाच्या भाषेत न ठेवता व्यवहाराच्या भाषेत ठेवते. सुपारी ठरवताना कलावंत स्त्रियांना कपडे बदलण्यास आडोसा, शौचाची सोय आणि प्रयोगानंतर सुरक्षित मुक्काम यांची तरतूद लेखी व्हावी. उचलीचा हिशेब कलावंताच्या हाती कागदावर असावा, आणि गरोदरपण व बाळंतपण यांत तिची जागा व तिचा रोजगार राखला जावा. वृद्ध कलावंतांना शासनाचे मानधन मिळते, ते अर्जविनंत्यांच्या फेऱ्यांत न अडकता वेळेवर त्यांच्या हाती पडावे. शहरांत लावणीचे प्रयोग करणाऱ्या माझ्यासारख्यांनी, ज्या बायांकडून ही कला घेतली त्यांचे नाव जाहिरातीत आपल्या नावाबरोबर छापावे आणि त्यांचा वाटा बिदागीत धरावा. त्यांच्या मुलींना आणि नातींना त्याच रंगमंचावर, त्याच दिव्यांत, स्वतःच्या वर्णाने आणि स्वतःच्या नावाने उभे राहता येईल अशी व्यवस्था करावी. यातील एकाही गोष्टीने ढोलकीचा ठेका मंदावत नाही की अदाकारीचा कस उतरत नाही.

कलेसाठी देह झिजतो, झिजलाच पाहिजे. नाचणारीला हे कोणी शिकवावे लागत नाही. परंतु तो झिजतो कोणाच्या इच्छेने, त्याच्या झिजेचा मोबदला कोणाला मिळतो आणि झिजल्यानंतर त्याची काळजी कोण वाहतो, हे तीन प्रश्न ज्या रसिकतेला पडत नाहीत ती रसिकता अपुरी आहे, असे मी आदरपूर्वक पण निःसंदिग्धपणे म्हणते. ज्या फडात नवव्या महिन्यातल्या बाईला बोर्डावर उभे राहावे लागणार नाही, त्या फडाची कलानिष्ठा तसूभरही उणी ठरणार नाही. आणि ज्या समाजाला असा फड उभा करता येईल, त्यालाच विठाबाईंचे नाव अभिमानाने घेण्याचा अधिकार राहील.